गोदाला कोणी विचारलेच नाही

मित्रांनो, मोठागावच्या काठावर भेंडीच्या जुन्या, उंच झाडाखाली जी होडी उपडी पडली आहे, जिच्या पाठीवर चढून तुम्ही घसरगुंडी खेळता, ती मी. माझ्या फळ्या विसविशीत झाल्या आहेत. खिळे गंजून गळून गेले आहेत. पोटाखाली खेकड्यांनी बिळे केली आहेत आणि सावलीच्या बाजूला कोणाच्या तरी शेळीने कायमचा मुक्काम ठोकला आहे. तरीही तुमचे पाय पाठीवर धडधडले की मला बरे वाटते. आज मात्र थोडे खाली उतरा आणि माझ्याजवळ बसा. मला एका मुलीची हकीकत सांगायची आहे. ती तुमच्याएवढीच होती.

माझा जन्म कल्याणच्या बंदरावरचा. शहापूरच्या रानातला साग बैलगाडीवरून आला आणि काळूराम सुताराने मला घडवले. काळूराम फार कमी बोलायचा. फळीवर गाल टेकून, एक डोळा मिटून तो तिचा बाक पाही आणि पसंत पडली नाही तर पुन्हा रंधा चालवी. फटींत त्याने कापसाच्या वाती ठोकून बसवल्या, वरून राळ आणि तेल चोपडले. मला पाण्यात लोटले त्या दिवशी माझ्या नाकावर नारळ फुटला आणि काठावरची माणसे ओरडली, "चांगली तरली!" ती माझी पहिली शाबासकी.

माझा मालक राघो. त्याचे वाडवडील मिठागरावर राबलेले. तोही तरुणपणी तेच काम करीत असे. मिठाच्या पाण्याने त्याच्या टाचांना ज्या भेगा पडल्या, त्या जन्मभर बुजल्या नाहीत. पुढे त्याला मोठागाव ते माणकोली अशी उतारू नेण्याची तर, म्हणजे होडीची फेरी, मिळाली आणि मी त्याच्या घरची झाले. अलीकडच्या काठावर डोंबिवलीचा बाजार, पलीकडे भिवंडीची गाडीवाट, आणि मध्ये आमची खाडी. भरतीला ती फुगते, ओहोटीला पोट आत ओढून चिखल उघडा टाकते. राघोला तिचे सगळे स्वभाव ठाऊक होते.

किती माणसे मी नेली, सांगता यायचे नाही. वांग्यांच्या पाट्या नेल्या, बकऱ्या नेल्या, मुंडावळ्या बांधलेले नवरदेव नेले. एकदा एक म्हातारी स्वतःच्या जात्यासकट बसली होती! डोंबिवलीला आगगाडी थांबू लागली, तशी परगावची माणसेही माझ्यात बसू लागली. राघोची होडी म्हणजे घरच्या ओट्यावर बसल्यासारखे, असे लोक म्हणत. राघोच्या हातून कधी कोणाची कोंबडीसुद्धा पाण्यात पडली नव्हती, आणि याचा त्याला फार अभिमान होता. अभिमान आणखी एका गोष्टीचा होता. उतारूला तो फाजील चौकशा करीत नसे. "आपला काम पार करायचा. कोन कनाला चाल्लाय, ते आपल्याला काय करायचा?" असे तो बायकोला, सगुणेला, म्हणे. लहान मुलांशी तेवढा तो बोलायचा. मुले त्याला फार आवडत.

त्या वर्षी डोंबिवलीच्या शाळेवर हरिहर मास्तर नावाचे नवे शिक्षक बदलून आले होते. बरोबर बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी, गोदा. गावाला ही माणसे अजून नवीन होती. राघोने तर त्यांना पाहिलेच नव्हते. मास्तर मुलीला स्वतःच्या शाळेत बसवतात, याची मात्र गावभर चर्चा होती. गोदा होतीही तशीच. पाढे मुखोद्गत, अक्षर वळणदार. कोणी नाव विचारले की स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आजोळचे गाव, सगळे न अडखळता सांगायची. मोठी माणसे बोलत असली की गप्प बसायची. असे शिकवल्याबद्दल लोक मास्तरांना नावाजत आणि मास्तरांना ते आवडे.

चैत्रातला दिवस होता. गोदाच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. आईने तिला हिरव्या खणाचे परकर-पोलके घातले. कानात सोन्याच्या बाळ्या, गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ, पायात चांदीचे वाळे. आई आत कैरीची डाळ वाटत होती. गोदा दागिने मिरवायला देवळापाशी गेली.

आदल्या दिवशी त्याच देवळाच्या पारावर एक परका माणूस बसला होता. मुलांना त्याने चुरमुरे वाटले आणि एकेकाला नाव-गाव विचारले. गोदाने आपले नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, मामा भिवंडीला असतो हेही सांगितले. तो म्हणाला, "वा, हुशार आहेस!" हे सगळे मला फार नंतर कळले. तेव्हा मला एवढेच दिसले, की दुपार कलता कलता एक उंच गृहस्थ उतरणीवरून खाली येतो आहे. डोक्याला स्वच्छ पागोटे, खांद्यावर उपरणे, काखेत छत्री. त्याच्या बोटाला धरून हिरव्या परकरातली एक मुलगी चालली होती.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, त्याचा चेहरा भयंकर असेल. नाही. त्याचा चेहरा हसरा होता. बोलणे मऊ होते. त्याला पाहून कुत्रेसुद्धा भुंकले नाही.

होडीत तेव्हा माणकोलीची हौसाबाई बसली होती. ती भाजी विकून रोज याच वेळी परत जायची. राघोने मुलीला हात देऊन आत घेतले.

"ये बाय, जपून. कुनाची गो तू?"

मुलीने तोंड वर केले. ती बोलणार, तोच तो गृहस्थ म्हणाला, "माझ्या बहिणीची मुलगी. भिवंडीला आमच्या घरी नेतोय."

मुलगी गोंधळली. तिने त्याच्याकडे पाहिले. "पण तुम्ही तर म्हणालात, मामाचे स्नेही..."

"गोदे," तो हसतच म्हणाला, "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. घरी शिकवलंय ना?"

तिने मान खाली घातली.

राघोला ते फार कौतुकाचे वाटले. "काय शानी पोर हाय! एका शब्दात गप. आमची पोरां तर कावल्यांवानी कालवा करतात."

"आयबापाचा वलन चांगला हाय," हौसाबाई म्हणाली आणि तिने पाटीतले एक जांब काढून मुलीच्या हातात ठेवले.

गोदाने ते खाल्ले नाही. राघोने वल्हे मारले, मी काठ सोडला, आणि तिने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. पहिल्यांदा होडीत बसणारी मुले अशी धरतातच. पण पाण्याला भिणारे मूल पाण्याकडे पाहते. ती पाहत होती मागे सुटणाऱ्या काठाकडे. मध्यावर आलो तेव्हा तिने हळूच विचारले, "आई कुठं भेटेल?"

"पलीकडे. पुढं गेलीय गाडीनं," तो म्हणाला.

तिने माझी कड आणखी घट्ट आवळली. ती पकड फक्त मला कळत होती. राघो तोंडाने काहीतरी गुणगुणत होता. हौसाबाई पदराने वारा घेत होती. मला वाटले, आता चिखलात रुतावे, आडवे व्हावे, फिरून मागे जावे. पण होडी वल्ह्याच्या मागे जाते. मी माणकोलीच्या धक्क्याला लागले. त्याने तिला उचलून खाली घेतले. जाता जाता तिने एकदा वळून राघोकडे पाहिले. राघोने हसून हात हलवला.

त्यानंतर दोन-चार खेपा झाल्या. उन्हे उतरू लागली. आणि उतरणीवरून एक माणूस धावत आला. डोक्यावर पगडी नाही, पायात वहाण नाही. मागून एक बाई पडत-अडखळत येत होती. ते हरिहर मास्तर आणि गोदाची आई.

"माझी मुलगी... हिरवं परकर-पोलकं... इकडं आली होती का?"

"गोदा ना? व्हय की," राघो म्हणाला. "मामाबरोबर पार गेली ती. भिवंडीला."

"कुठला मामा? कसा होता दिसायला?"

"उंच. पागोटावाला. काखेत छत्री..."

"माझा मेव्हणा माझ्या खांद्यालाही लागत नाही हो!" मास्तर ओरडले आणि मटकन खाली बसले.

राघोच्या हातातले वल्हे निसटून माझ्या तळावर पडले. त्याचा चेहरा मी जन्मात कधी तसा पाहिला नव्हता. पण तो थांबला नाही. त्याने मास्तरांना अक्षरशः उचलून आत घातले. गलका ऐकून घरातून सगुणा धावत आली. तिने गोदाच्या आईला धरून बसवले आणि स्वतःही बसली. मग राघोने जे वल्हे मारले, ते भरतीच्या उलट्या ओढीतही मी बाणासारखी गेले.

हौसाबाईचे घर धक्क्याजवळच. राघोने तिला हाका मारल्या. ती बाहेर आली आणि ऐकताच तिने कपाळ बडवून घेतले.

"अरं देवा! तो गाडीवाटंनं गेलाच नाय. मिठागराच्या बांधानं गेला. मना वाटलं जवलची वाट धरली असंल."

"मग तू बोलली का नाय गो?"

"तू तरी काय बोलला? पोर तर गप व्हती!"

तिघेही बांधाच्या वाटेने धावत सुटले. मी धक्क्याला बांधलेली. माझ्यात गोदाची आई आणि सगुणा. आईला सगुणेने धरून ठेवले होते.

"सकाळी मीच घातले दागिने," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "म्हटलं, मिरवू दे पोरीला. मीच घातले."

"दागिने घातले, त्यात काय पाप नाय, बाय," सगुणा म्हणाली आणि तिने तिची पाठ चोळली. दोघी मिठागराकडे डोळे लावून बसल्या. मिठाचे ढीग उन्हात पांढरे दिसत होते, मग पिवळे दिसू लागले, मग तांबूस.

सूर्य टेकायच्या आत बांधावर माणसे दिसली. मास्तरांच्या खांद्यावर हिरवा परकर होता. गोदाच्या आईने एक किंकाळी फोडली आणि ती चिखलातून तशीच धावत गेली.

गोदा जिवंत होती. मित्रांनो, हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवे होते, म्हणजे तुमचा जीव एवढा टांगणीला लागला नसता. ती जिवंत होती. पण तिच्या दोन्ही कानांच्या पाळ्या फाटल्या होत्या, आणि पोलक्यावर रक्त वाळले होते. माळ नव्हती, वाळे नव्हते. मिठागरावरच्या कामकऱ्यांची एक ओसाड खोपी होती, तिच्यात ती सापडली. खोपीला दार नव्हते, कडी नव्हती. तिला कोणी बांधलेही नव्हते. "इथंच बस, हलू नकोस, आवाज करू नकोस, मी आईला घेऊन येतो," असे सांगून तो माणूस निघून गेला होता. आणि ती बसून राहिली होती. वडील बांधावरून तिच्या नावाने हाका मारत होते, त्या तिला ऐकू येत होत्या. तिने ओ दिली नाही. आवाज करू नकोस म्हणून मोठ्या माणसाने सांगितले होते ना!

परत येताना गोदा आईच्या पदरात तोंड खुपसून पडली होती. हौसाबाईने हळद आणून कानांना लावली होती. मधल्या पाण्यात आल्यावर मास्तरांनी विचारले. त्यांना विचारायचे नव्हते, पण राहवले नाही.

"गोदे, बाळ, तू या होडीवाल्यांना का नाही सांगितलंस? ते तर विचारत होते."

गोदाने आईच्या पदरातून तोंड बाहेर काढले. "ते म्हणाले, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. तुम्ही पण तसंच सांगता ना, अण्णा?"

राघोचे वल्हे थांबले. जराशाने ते पुन्हा चालू झाले, पण आधीची लय काही त्याला सापडेना. मी वेडीवाकडी काठाला लागले.

त्यानंतर कित्येक महिने गोदा कोणाशी बोलली नाही. तिला ताप भरला, तो उतरला. कानही भरून आले, वेडेवाकडे. बोलणे मात्र आत कुठेतरी रुतून बसले. भिवंडीचा खरा मामा भेटायला आला, तर ती फडताळामागे लपली आणि रात्र पडेपर्यंत बाहेर आली नाही. मास्तरांनी तिची शाळा बंद केली. दाराला आतून कडी. देवळात नाही, ओढ्यावर नाही, मैत्रिणींकडे नाही. घाबरलेल्या बापाने लेकीला जपायचे म्हणून घरात कोंडले. त्या माणसाने तिच्याकडून दागिने नेले. शाळा, खेळ आणि मैत्रिणी मात्र आपल्याच माणसांनी नेल्या, आणि तेही मायेपोटी. याचे मला अजून वाईट वाटते.

तो माणूस पुन्हा कोणाला दिसला नाही. पोलिसांनी पुष्कळ शोधला.

राघो खचला. घाटाशी येऊन तो नुसता बसून राही. शेवटी सगुणा त्याला मास्तरांच्या घरी घेऊन गेली. तिथे काय घडले, ते परत आल्यावर दोघे माझ्याच कडेवर बसून बोलत होते, म्हणून मला ठाऊक आहे. राघो अंगणात हात जोडून उभा राहिला होता. शिव्या खायच्या तयारीनेच तो गेला होता. पण मास्तर ओसरीवरून खाली आले आणि म्हणाले, "राघोबा, तुम्ही निदान विचारलंत तरी. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. ते तोंड बंद ठेवायला मी शिकवलंय. नाव-गाव खणखणीत सांग, मोठ्यांचं ऐक, मध्ये बोलू नको. सगळं शिकवलं. नको म्हणायला शिकवलं नाही."

"मी तिला शानी बोल्लो, मास्तर," राघो म्हणाला. "ती गप झाली, तर मी तिला शानी बोल्लो. तेच मना रोज आठवतं."

थोड्याच दिवसांत मास्तरांनी बदली मागून घेतली. त्यांचे बिऱ्हाड गाडीने गेले, होडीने नाही. गोदा पुन्हा कधी माझ्यात बसली नाही. ती पुढे हसली का, बोलली का, पुन्हा पाटी हातात घेतली का, हे सांगायला माझ्याकडे कोणी आले नाही. मला तिचे दोन हात तेवढे ठाऊक आहेत.

राघो मात्र बदलला. फाजील चौकशी न करण्याचा त्याचा शिरस्ता त्याने खाडीत सोडून दिला. मोठ्या माणसाबरोबर मूल आले, की तो वल्हे टेकवायचा, मुलासमोर उकिडवा बसायचा आणि मुलालाच विचारायचा, "हा तुझा कोन? तुझ्या आयला माहीत हाय?" मोठ्या माणसाने मध्येच उत्तर दिले, तर म्हणायचा, "तुमी थांबा. मी पोराला इचारतोय." मूल स्वतःच्या तोंडाने बोलेपर्यंत होडी काठ सोडायची नाही. पुष्कळांना राग आला. कल्याणच्या एका वकिलाने तर, माझ्याच मुलाबद्दल मला विचारतोस, म्हणून आकाशपाताळ एक केले. राघोने त्याचे सगळे ऐकून घेतले आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारले.

सगुणेने काठावरच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. शाळा नाही, फळा नाही. कालवे सोलता सोलता ती बोलायची. कोणी तुझे नाव घेतले म्हणून तो ओळखीचा होत नाही, ती सांगायची. तुझ्या आईने ज्यांची नावे सांगितली आहेत, त्यांच्याबरोबरच जायचे. दुसरा कोणी खाऊ देऊ दे, देवाची शपथ घेऊ दे, आई आजारी पडली म्हणू दे, तरी पाय हलवायचा नाही. हात धरला तर गाव गोळा होईल असे ओरडायचे आणि जिथे माणसे असतील तिकडे धावत सुटायचे. कोणी म्हणाले, हे आईला सांगू नकोस, तर ते आधी आईला सांगायचे. मुले हसायची. तीही हसायची. मग एकेकाला उभे करून ती ओरडायला लावायची. "जोरानं! त्या माणकोलीला ऐकू जायला व्हवं!" समोरच्या काठावरून कधी कधी हौसाबाई उत्तर द्यायची, "ऐकला गो!"

राघोची नात होती तुळसा. एके दिवशी ती काठावर एकटी शंख वेचत होती. कल्याणचा एक म्हातारा कासार, बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून, होडीची वाट पाहत उभा होता. मुलगी गोड दिसली. त्याने सवयीप्रमाणे तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "ये, तुला फुकट बांगडी भरतो."

तुळसाने अशी बोंब ठोकली, की माझ्या कडेवरचे बगळे उडाले. "हात सोर! मी याला वलखत नाय! मी याला वलखत नाय!"

घराघरांतून माणसे धावली. कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या हातात वल्हे. बिचारा कासार गर्दीच्या मध्ये माळ छातीशी धरून उभा. त्याच्या माळेतल्या किती तरी बांगड्या फुटल्या. कोणीतरी त्याला ओळखले, "अरे, हा तर बांगडीवाला!" आणि गर्दी हसू लागली. तुळसाची आई शरमेने लाल झाली. तिने मुलीचा दंड धरला आणि मारायला हात उगारला.

राघोने तो हात वरच्या वर धरला.

तो आधी कासाराकडे गेला आणि त्याने दोन्ही हात जोडले. "बाबा, माफी करा. आमच्या घाटावर एक पोर अशीच गेली व्हती. तवापासून आमी पोरांना असा शिकवला हाय." सगुणेने कासाराला पाणी दिले, सावलीत बसवले, आणि गोदाची हकीकत सांगितली. म्हाताऱ्याने माळेतल्या फुटक्या बांगड्या बाजूला काढल्या. मग म्हणाला, "मलाही लेकी आहेत. आईला विचारल्याशिवाय पोरीचा हात धरायला नको होता मी."

तुळसा तोंड पाडून उभी होती. सगळे हसले म्हणून तिला रडू येत होते. राघोने तिला उचलून माझ्या कडेवर उभे केले, सगळ्यांना दिसेल अशी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शाबास पोरी! चुकली तरी चालंल. परत असाच वाटला, तर परत असाच वरड."

मग कोणी हसले नाही. राघो तोंड फिरवून दोरखंड सोडत बसला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याला तेव्हा कोण आठवले असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

आता राघो नाही, सगुणाही नाही. नवी होडी आली, तशी मला वर ओढून इथे उपडी टाकली. तुळसाची मुले मोठी झाली, त्यांचीही लग्ने झाली. डांबर द्यायला कोणी फिरकत नाही, आणि त्याचे मला फारसे दुःखही नाही. लाकूड एक दिवस कुजायचेच. दुःख आहे ते त्या एका खेपेचे. मला तोंड असते, तर मी तेव्हा ओरडले असते. मला तोंड नव्हते, आणि जिला होते, तिला आपण सगळ्यांनी मिळून गप्प बसवले.

म्हणून मित्रांनो, मोठ्यांचा मान ठेवा, पण मन घाबरले तर त्यांच्या मध्ये बोला. खुशाल बोला. हात सोडवून घ्या, ओरडा, धावत सुटा आणि घरी आलात की पहिल्यांदा आईला सांगा. तुमची चूक झाली असेल, तरी सांगा. आणि ओरडलात म्हणून कोणी तुम्हाला रागावले, वेडे म्हणाले, हसले, तर त्यांना खुशाल माझ्याकडे पाठवा. मोठागावच्या काठावर, भेंडीखाली. मी कुठे जात नाही. त्यांना मी गोदाची हकीकत सांगेन.